चालत्या माणसांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी व्हीलचेअर आहे आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. खुर्चीला डोकं नसतं हे मलाही माहीत आहे. पाठ असते, हात असतात, पाय ठेवायला दोन पट्ट्या असतात. तरीही सांगते, डोकं फिरलंय. तेव्हा गोडीगुलाबीच्या चार गोष्टी ऐकायला मिळतील या आशेने कोणी बसलं असेल, तर त्याने आत्ताच उठावं.

परक्या देशातली खुर्ची मराठीत कशी भांडते, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचं उत्तर सोपं आहे. गेली कित्येक वर्षं मला एकच माणूस ढकलतो आणि तो मराठी आहे. शिवाय माझ्यावर बसून इतक्या मराठी आया, आत्या, मावश्या आणि सासवा विमानाच्या दारापासून रस्त्यापर्यंत गेल्या आहेत की मला आता म्हणींचं अजीर्ण झालं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर काळं रेक्झिन ताणून बसवलं, मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दोन छोटी लावली. तपासणीला बसलेल्या बाईने मला मोकळ्या फरशीवर एक धक्का दिला. मी नाकासमोर सरळ भिंतीपर्यंत गेले. ‘ही चांगली निघाली,’ असं ती शेजारणीला म्हणाली. ती माझी पहिली शाबासकी.

मग मला या विमानतळावर आणलं. सुरुवातीचे दिवस फार चांगले होते. एकदा एक तरुण मुलगी आली होती. तिला गुडघ्याखाली पाय नव्हते. ढकलायला आलेल्या माणसाला तिने सांगितलं, ‘तू नुसता बरोबर चल.’ तिने स्वतःच्या हातांनी माझी चाकं धरली आणि त्या लांबलचक बोळातून मला अशी पळवली की बाजूची माणसं भिंतीला चिकटली. उतरताना तिने माझ्या हातावर थाप मारली आणि म्हणाली, ‘हलकी आहेस गं.’ माझा जन्म कशासाठी झाला हे मला त्या दिवशी कळलं. ज्याला चालता येत नाही त्याला मी नेते. एवढं साधं काम आहे, पण माणसांना साधं काही पचतच नाही.

हळूहळू माझ्यावर चालती माणसं बसायला लागली.

त्यामागची गोष्ट अशी आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशात असते. आईवडिलांना बोलावून घ्यायचं असतं. विमानतळ प्रचंड, पाट्या परक्या भाषेत, त्यात पासपोर्टवर शिक्का मारणारा काचेमागून काय विचारतो ते कळत नाही. म्हातारी माणसं चुकली तर काय घ्या? मग तिकीट काढताना ही हुशार मुलं ‘व्हीलचेअर हवी’ असं लिहून मोकळी होतात. खुर्चीबरोबर माणूस येतो, तो दारापासून दारापर्यंत नेतो आणि वाटेत त्यांच्या वतीने बोलतोही. थोडक्यात, खुर्ची लागते ती पायांसाठी नाही, तोंडासाठी. या घराने त्या घराला सांगितलं, त्या घराने तिसऱ्याला. आता तर आईला पहिल्यांदा बोलावलं की स्वेटर घ्यायचा आणि खुर्ची लिहायची, ही रीतच पडून गेली आहे.

त्या बिचाऱ्या आया बसतात आणि शरमेने अर्ध्या होतात. ‘मला काही झालेलं नाही हो, मी चांगली चालते. मुलानं लिहून टाकलंय,’ असं वाटेत दहा जणांना सांगतात. आणि बाहेरच्या दाराशी नातू दिसला की दाव्यातून सुटलेल्या वासरासारख्या माझ्यावरून उडी मारून धावत सुटतात. आमच्याकडचे कामगार त्याला ‘चमत्कार’ म्हणतात. ‘आज किती चमत्कार झाले?’ असं एकमेकांना विचारून हसतात.

मला हसू येत नाही. एकदा मी अशाच एका धडधाकट काकांना नेत होते. आपण रोज पहाटे किती फिरतो याचं वर्णन ते बसल्या बसल्या करत होते. त्याच वेळी दुसऱ्या विमानाच्या दारात एक बाई माझी वाट बघत होती. तिच्या कमरेचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं होतं. विमानातली बाकीची माणसं केव्हाच निघून गेली होती, झाडलोट करणारेही येऊन गेले होते, आणि ती दारातल्या घडीच्या आसनावर बसून राहिली होती. सगळ्या खुर्च्या चालणाऱ्यांना घेऊन गेल्या होत्या. तिला लघवीला जायचं होतं आणि उठता येत नव्हतं. पुढचं मी सांगणार नाही. माझ्यावर बसताना तिने माझ्या रेक्झिनला हात लावून ‘माफ कर’ म्हटलं. तिने माफी मागितली, मित्रांनो! पहाटे फिरणारे काका तोवर मुलाच्या गाडीत बसून घरी गेले होते.

त्या दिवसापासून माझ्या पुढच्या डाव्या चाकाने कुरकुर सुरू केली. तेल घातलं तरी ती जात नाही.

आता मला ढकलणाऱ्याची गोष्ट सांगते. माझ्यावर बसणारी प्रत्येक म्हातारी ही त्याची ‘मावशी’. ‘मावशी, पाय पट्टीवर घ्या,’ ‘मावशी, उतार आहे, धरून बसा.’ जगातल्या सगळ्या बायका याच्या मावश्या, म्हणून माझ्यापुरतं मी त्याचं नाव भाचा ठेवलं.

भाचा घरी होता तेव्हा कॉलेजात भूगोल शिकवायचा. बायको नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि हा तिच्या मागोमाग आला. तिच्या शिक्षणाला इथे मान होता. याच्या पदवीचं कोणी नावही काढेना. ज्या कचेरीत जाई तिथे गोड हसून दार दाखवत. शेवटी त्याच्या हातात माझ्या मुठी आल्या. सगळ्या जगाचा नकाशा तोंडपाठ असलेला माणूस विमानाच्या दारापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत फेऱ्या घालू लागला.

तो दुःखी होता असं मात्र समजू नका. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण जवळ गेल्यावरही या डोंगरावर काही चांगल्या जागा होत्या. इथे त्याला तू कुणाचा कोण, असं कोणी विचारत नसे. बायको एकटी गाडी चालवत कामावर जायची आणि गाणं म्हणत परत यायची, हे तो कौतुकाने सांगायचा. दुपारी फेऱ्या कमी असल्या की तो काचेच्या भिंतीशी माझ्यावर बसून डबा खाई आणि समोर उतरणारं विमान कुठून आलं असेल ते स्वतःशीच ओळखायचा. मावश्या त्याच्याशी पोटातलं बोलत. सुनेच्या कागाळ्या, गुडघ्यांची गाऱ्हाणी, मागे एकट्या राहिलेल्या नवऱ्याची काळजी, सगळं ऐकून घेई. उतरताना त्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवत. काम त्याला आवडायला लागलं होतं. माझी चिडचिड होते ती याच गोष्टीवर. आवडत होतं ना, मग लपवलंस कशाला?

त्याचे वडील शिंपी. बाजारपेठेत त्यांचं छोटं दुकान. त्यांना तो अण्णा म्हणतो. भाच्याला काम लागलं तेव्हा त्याने फोनवर एवढंच सांगितलं की विमानतळावर लागलोय. अण्णांनी फोन ठेवला आणि दुकानात जाहीर केलं, ‘आमचा मुलगा विमानतळावर साहेब झाला.’ दुसऱ्या दिवशी हे भाच्याच्या कानावर आलं. तेव्हाच ‘अहो, तसं नाही’ एवढे तीन शब्द बोलला असता, तर मला आज ही बडबड करावी लागली नसती. तो बोलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून बसला. मग ती मूठ झाकून ठेवायला रोज नवं काहीतरी करावं लागलं. अण्णांनी विचारलं, हाताखाली किती माणसं? हा म्हणाला, ‘प्रवाशांची जबाबदारी माझ्यावर असते.’ व्हिडिओ कॉलच्या वेळी वर कोट घाली, खाली घरातली चड्डी. कोटाला इस्त्री बायको करायची आणि करताना दात-ओठ खायची.

एकदा अण्णांनी कामाच्या जागेचा फोटो मागितला. भाच्याने एका काचेच्या केबिनसमोर उभं राहून कामगार मित्राला फोटो काढायला लावला. मी त्याच्या शेजारी उभी होते. मित्राने ‘तयार?’ असं विचारलं, तसं भाच्याने पायाने मला बाजूला सारलं. हाताने नाही, पायाने! ज्या पायात माझ्या कमाईचे बूट होते त्या पायाने. तेव्हापासून माझं आणि त्याचं बोलणं बंद आहे. खुर्ची बोलत नाही हे त्याचं नशीब.

आणि मग अण्णांचं यायचं ठरलं.

भाच्याची झोप उडाली. ओठ सारखे पुटपुटत असायचे, त्यामुळे त्याचा सगळा बेत मला पाठ झाला. त्या दिवशी सुट्टी घ्यायची, कोट घालून बाहेरच्या दाराशी उभं राहायचं. अण्णा सगळ्या गर्दीबरोबर चालत बाहेर येतील. पुढचे दिवस काहीतरी करून निभावून न्यायचे. पण चोराच्या वाटा चोरालाच नडतात. दोन कामगार आजारी पडले आणि आमच्या मुकादम बाईने सुट्टी नाकारली. मग बेत बदलला. कोट पिशवीत आणून कपाटात टांगायचा, अण्णांचं विमान आलं की कपडे बदलून बाहेर पळायचं. त्याला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. तिकीट सुनेने काढलं होतं आणि सुनेने रीतीप्रमाणे सासऱ्यांना खुर्ची लिहिली होती.

अण्णांचं विमान दुपारी उतरलं. ‘तीन खुर्च्या दारात,’ असं मुकादम बाईने सांगितलं. हातात घेतलेलं काम टाकता येईना. भाच्याने विचार केला, पहिली मावशी पटकन बाहेर सोडू आणि कोट घालू. दोन कामगार पुढे धावले, दोन माणसं घेऊन निघाले. राहिला तिसरा. विमानाच्या दारात एक किरकोळ म्हातारा छातीशी पिशवी धरून ताठ उभा होता. भाच्याच्या हातांचा घाम माझ्या मुठींना लागला तेव्हाच मी ओळखलं.

त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली. विमानातल्या बाईने अण्णांना माझ्यावर बसवलं. आमच्या कामात एक गोष्ट असते, मित्रांनो. ढकलणारा कायम मागे असतो. बसलेल्याला तो दिसत नाही. लोक त्याचे आभार मानतात तेही समोरच्या हवेला. भाच्याने याचाच फायदा घेतला आणि हूं की चूं न करता मला ढकलायला सुरुवात केली. जन्मदात्या बापाला!

अण्णा आधी इकडेतिकडे बघत होते. मग त्यांना राहवेना.

“अहो, मला चालता येतं बरं का,” ते समोर बघून म्हणाले. “सुनेनं लिहून टाकलंय. आता तुम्हाला काय कळणार म्हणा माझी भाषा.”

आपलं बोलणं याला कळत नाही अशी खात्री झाल्यावर माणूस फार मोकळा होतो. अण्णांचंही तसंच झालं.

“माझा मुलगा इथंच असतो. साहेब आहे. तुम्ही पाहिलाही असेल. तुमच्यासारख्या माणसांवर त्याचीच देखरेख.” ते थोडे थांबले. “तुम्ही ढकलता चांगलं. मघापासून एक गचका नाही बसला. मी सांगीन त्याला. म्हणीन, त्या माणसाकडे जरा लक्ष दे, गरीब दिसतो, शब्द बोलत नाही.”

भाच्याचा श्वास माझ्या पाठीवर येत होता, जात होता. मला वाटलं, आता बोलेल. मी डावं चाक कुरकुरवून बघितलं. अरे, बोल! बाप तुझी तुझ्याकडेच शिफारस करतोय, आणि तू दगडासारखा मागे उभा! पण नाही. तो वेग वाढवून लिफ्टकडे निघाला. अण्णांना पटकन बाहेर टाकायचं आणि कोटात शिरायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तिथे तो चुकला. खुर्ची लिफ्टमध्ये नेताना ती पाठमोरी ओढत न्यायची असते. म्हणजे बसलेल्याचं तोंड दाराकडे राहतं आणि बाहेर काढताना त्रास पडत नाही. नवीन माणसालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात. भाचा इतकी वर्षं कधी चुकला नव्हता. त्या दिवशी घाईत त्याने मला सरळ आत ढकललं. लिफ्टच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत आरसा आहे.

अण्णांची नजर आधी गेली ती कपड्यावर. शिंपीच ते. मागच्या माणसाच्या अंगातलं ते सरकारी मापाचं जाकीट, उजवा खांदा उतरलेला. ते खांद्याकडे बघत राहिले. मुलाचा असाच उतरलेला खांदा त्यांनी त्याच्या लहानपणापासून किती शर्टांत सावरून शिवला होता. मग त्यांनी मान वर केली. टोपीखालचा चेहरा लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता.

अण्णांच्या हाताने माझा दांडा एवढा घट्ट आवळला की मला वाटलं, आता निखळतो. भाच्याने काही पाहिलं नाही. दार उघडलं, त्याने मला मागे ओढून बाहेर काढलं आणि आम्ही शिक्का मारणाऱ्यांच्या दालनात आलो. अण्णांचं बोलणं बंद झालं होतं. भाच्याला वाटलं, थकले असतील.

काचेमागे बसलेला माणूस भाच्याच्या रोजच्या ओळखीचा होता. मराठी म्हातारी माणसं आली की प्रश्न तो भाच्यालाच सांगायचा आणि उत्तरही त्याच्याकडूनच घ्यायचा.

“विचार यांना, कुणाकडे आलेत?”

आता तोंड उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. भाच्याने आवाज जाड केला, नाटकातल्या दरोडेखोरासारखा.

“कुणाकडे आलात?”

“मुलाकडे,” अण्णा काचेकडे बघत म्हणाले.

“मुलगा कुठे कामाला आहे?”

“इथंच. विमानतळावर.”

भाच्याने ते सांगितलं. काचेमागचा माणूस खुश झाला. “अरे वा, आपल्यातलाच की. काय काम करतो? कोणत्या विभागात?”

भाचा थिजला. इकडे आड, तिकडे विहीर. अण्णा ‘साहेब’ म्हणाले आणि त्याने तेच सांगितलं, तर हा माणूस नाव विचारणार, फोन फिरवणार, आणि तसा साहेब या इमारतीत नाही हे निघणार. मग अण्णांना शेजारच्या खोलीत नेणार. मी त्या खोलीपर्यंत माणसं नेली आहेत. तिथे एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात आणि उत्तर जुळलं नाही तर आल्या विमानाने परत पाठवतात. त्याने भाषांतर बदलून खरं काम सांगितलं, तर अण्णांना भाषा कळत नाही म्हणून निभावेल, पण अधिकाऱ्यासमोर उत्तर बदललं हे उघड झालं तर याची नोकरी जाणार. त्यात काचेमागचा माणूस आता पासपोर्टवरचं आडनाव वाचून भाच्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघत होता.

“काय काम करतो?” भाच्याने विचारलं. या वेळी आवाज जाड करायचं तो विसरला.

अण्णा वळले नाहीत. “सांग त्यांना,” ते म्हणाले, “माझा मुलगा ही खुर्ची ढकलतो.”



“काय म्हणतात?” काचेमागच्याने विचारलं.

अण्णांनी माझ्या दांड्यावर मूठ आपटली. “सांग ना! एवढं एक तरी खरं सांग.”

भाच्याने सांगितलं. आवाज इतका बारीक होता की त्याला दोनदा सांगावं लागलं. काचेमागचा माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग त्याने शिक्का मारला आणि हसत म्हणाला, “आधी सांगायचंस, तुझे वडील आहेत म्हणून. मी दारापर्यंत आलो असतो.”

सामानाच्या पट्ट्यापाशी आल्यावर अण्णा उठले. त्यांनी हातातली पिशवी माझ्यावर ठेवली, जशी काही ती आजारी होती. तिथे त्यांनी जे सुरू केलं ते ऐकून मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या मनासारखं बोलणारं कोणीतरी भेटलं होतं.

“मी बाप आहे तुझा. लिफ्टात आरसा नसता तर मला बाहेर सोडून तू पळाला असतास. हो की नाही?”

“हो,” भाचा म्हणाला.

“अरे, पँटची उंची घेताना मी गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसतो. सगळा जन्म बसलो. तू माझ्या समोर बसून अभ्यास करायचास. तेव्हा लाज वाटली तुला? मग मला कुठल्या कामाची लाज सांगतोस?”

“लाज मला नव्हती अण्णा, तुम्हाला होती.” भाच्याचा आवाज चढला. आजूबाजूची माणसं बघायला लागली. “साहेब हा शब्द माझा नाही, तुमचा आहे. मी विमानतळावर लागलो एवढंच म्हणालो. तुम्हीच दुकानात साहेब करून टाकलंत. मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही कुणाला सांगितलं असतंत? तुम्हाला परदेशात साहेब असलेला मुलगा हवा होता. माझी इथं किती वणवण झाली, एकदा तरी विचारलंत? फोनवर पहिला प्रश्न काय असायचा? हाताखाली किती माणसं!”

“म्हणून माझ्याशी खोटं बोलायचं?”

“आणि तुम्ही? तुम्हाला चालता येतं ना? मग बसलात कसे?”

पट्ट्यावरून त्यांची दोरीने बांधलेली बॅग दोनदा समोरून गेली, दोघांनाही दिसली नाही. तिसऱ्या वेळी भाच्याने ती उचलली आणि माझ्यावर आदळली. खुर्चीवर राग काढणं सोपं असतं. मी दोघांचंही ओझं सोसत बाहेरच्या दाराकडे निघाले. बाप चालत, लेक ढकलत.

दाराशी सून उभी होती. सासऱ्यांना चालत येताना आणि नवऱ्याला जाकिटातच बघून ती काय ते समजली. वाकून नमस्कार करून ती सरळ म्हणाली, “कळलं ना? बरं झालं. खुर्ची मीच लिहिली होती. यांच्याच वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं, पण आली तर आली, असंही वाटलं होतं. मला तो कोट इस्त्री करून करून वीट आला होता.”

एवढ्यात तिचा फोन वाजला. अण्णांच्या दुकानातला जुना कारागीर होता. अण्णा पोचले की नाही या काळजीने तिकडे सगळे दुकानात बसून राहिले होते. सुनेने फोन मोठ्या आवाजावर लावून अण्णांपुढे धरला.

“पोचलात ना अण्णा? साहेब आलेत ना न्यायला?”

अण्णांनी मुलाकडे पाहिलं. मघाशी ‘एवढं एक तरी खरं सांग’ म्हणून माझ्यावर मूठ आपटणारा हा माणूस. मी वाट बघत होते.

“आलेत की,” अण्णा म्हणाले. “साहेब आलेत. गाडी घेऊन आलेत.”

मित्रांनो, खुर्चीला स्वतःहून पुढे सरकता येत असतं, तर त्या क्षणी मी अण्णांच्या नडगीवर गेले असते. काचेसमोर खरं बोलायला त्यांना धीर झाला, तो मुलाची नोकरी आणि आपलं येणं टांगणीला लागलं होतं म्हणून. बाजारपेठेसमोर तोच धीर कुठल्या कुठे पळाला. आणि खरं सांगू? ते बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. माया होती त्यात. पण माया असली म्हणून खोटं खरं होत नाही.

भाच्याने सुनेच्या हातातून फोन घेतला.

“काका, मी बोलतोय. मी साहेब नाही. कधीच नव्हतो. विमानातून उतरलेल्या माणसांना व्हीलचेअरवर बसवून मी बाहेर आणतो. हेच काम आहे माझं. अण्णांना पण मीच ढकलत आणलं.”

पलीकडचा शिलाई मशीनचा आवाज थांबला. मग कारागीर घाबऱ्या आवाजात म्हणाला, “म्हणजे? अण्णांच्या पायांना काही झालं का?”

“पायांना काही झालं नाही रे,” अण्णा वाकून फोनमध्ये म्हणाले.

“मग बसले कशाला?”

शिकलेली नर्स, भूगोलाचा मास्तर आणि अनुभवी शिंपी, तिघेही एकमेकांची तोंडं बघत राहिले. साहेबाचं काय झालं हे तिकडे कोणी विचारलंच नाही.

भाच्याच्या कमरेचं यंत्र वाजलं. दुसऱ्या विमानाच्या दारात एक माणूस बसून होता, त्याला उभं राहता येत नव्हतं, आणि खुर्ची शिल्लक नव्हती. भाच्याने अण्णांची बॅग माझ्यावरून उतरवली. अण्णा म्हणाले, “जा. तो खोळंबला असेल.” भाच्याने मान हलवली, टोपी काढून खिशात कोंबली आणि मला वळवलं.

आता मी त्या माणसाकडेच निघाले आहे. म्हणून थोडक्यात सांगते. माझी काळजी घ्या, चाकात तेल घाला, असं मी सांगणार नाही. तेल मला मिळतं. मुलांनो, आईबापाला परक्या देशात बोलावताना भीती वाटते तर चार पाट्या वाचायला शिकवा, चार वाक्यं पाठ करून घ्या, स्वतः फोन धरून बसा. ते येतील चालत. आईबापांनो, मुलाचं काम कोणतं हे त्याच्या तोंडून ऐका, आणि ऐकलं तेवढंच बाजारपेठेत सांगा. आणि ज्याला चालता येतं त्याने माझ्यावर बसण्याआधी कारागिराचा प्रश्न एकदा स्वतःला विचारावा.

चला, वाट सोडा. तिकडे एक माणूस कधीचा बसला आहे, आणि त्याला खरोखरच चालता येत नाही.